टपावरचा बॉक्स आणि बाबांच्या बॅगा

आत्याचा फोन आला की बाबा गॅलरीत जाऊन बोलायचे आणि परत आल्यावर कॅलेंडरची पानं उलटत बसायचे. आत्या त्यांच्याहून मोठी, वय झालेलं, गुडघे गेलेले, राहते चिपळूणच्या पुढे एका गावात. ती इकडे येऊ शकत नव्हती आणि बाबा तिकडे जाऊ शकत नव्हते, कारण बाबांचं डायलिसिस चालू होतं. हॉस्पिटलमध्ये मशीनवर करतात ते नव्हे, पोटाचं. पोटात एक बारीक नळी कायमची बसवलेली. दिवसातून चार वेळा औषधी पाण्याची मोठी बॅग उंचावर टांगायची, पोटातलं जुनं पाणी खालच्या रिकाम्या बॅगेत सोडायचं, मग वरचं नवं पाणी पोटात भरायचं. खोलीची दारं-खिडक्या बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, हात कोपरापर्यंत धुतलेले. जराशी घाण आत गेली तर पोटात जंतू होतात. एकदा झाले होते आणि तेव्हा आम्ही बाबांना जवळजवळ गमावलंच होतं.

बेलवलीच्या आमच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघंच. आई, बाबा आणि मी. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज होते, मीही तिथल्याच दुसऱ्या एका कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी करते. आजारपण आल्यापासून बाबा सोसायटीच्या गेटबाहेर फक्त डॉक्टरकडे जायचे. शर्टाखालची नळी कुणाला दिसेल, कुणी काही विचारेल, याची त्यांना एवढी धास्ती की ते पाहुण्यांसमोरही येत नसत. म्हणून त्या दिवशी जेवताना ते एकदम म्हणाले, "शिमगा झाला की मी ताईला भेटायला जाणार आहे. गाडी तू चालवशील ना?" तेव्हा आईच्या हातातला डाव तसाच राहिला.

"अहो, आणि बॅगा?" आईने विचारलं.

"बॅगा बरोबर न्यायच्या."

इथेच सगळं अडत होतं. आमची गाडी छोटी, शिवाय सीएनजीची. डिकीत टाकी बसवलेली, तिच्यापुढे जेमतेम एक हँडबॅग राहते. चार-पाच दिवसांच्या बॅगा म्हणजे पाण्याने भरलेले जड खोके. त्यावर स्टँड, मास्क, जंतुनाशक, बाबांचा वजनकाटा, तिघांचे कपडे. मागच्या सीटवर खोके रचले तर आई बसणार कुठे? आणि तिचेही गुडघे दुखतात, पाय दुमडून तासन्‌तास बसणं तिला जमत नाही. टपावर बॉक्स बसवायचा, हे बाबांनीच ठरवलं. कारखान्यातली सवय. अडचण समोर आली की पाना-पकड घेऊन बसायचं.

रविवारी आम्ही उल्हासनगरला गेलो. गाड्यांच्या सामानाच्या दुकानांची एक गल्ली आहे तिथे. सीट कव्हर, हॉर्न, लायटिंग, सगळं फुटपाथवर टांगलेलं. बाबा गाडीतून उतरले नाहीत, काच खाली करून बसले. दुकानदार सिंधी, साठीचा, बोलका. त्याने एक मोठा काळा कुळकुळीत बॉक्स दाखवला. पुढून निमुळता, मागे फुगीर, झाकणावर दोन उंचवटे.

"मॅडम, हेच घ्या. पूरी फॅमिली का सामान आयेगा. पानी का एक बूंद अंदर नहीं."

मला तो मुळीच पसंत नव्हता. आमच्या सोसायटीचं पार्किंग बिल्डिंगच्या पोटात आहे आणि आत शिरताना तुळई बरीच खाली येते. मला हवी होती कापडी बॅग, जाड ताडपत्रीची, पट्ट्यांनी बांधायची. काम झालं की सोडून घरात नेता येईल अशी. दुकानात तीही होती. पण बाबांनी काचेतून हात बाहेर काढून काळ्या बॉक्सवर टिचकी मारली. "हा. याला कुलूप आहे. खोके भिजले तर काय करशील?"

"बाबा, खोके वर ठेवायचेच नाहीत. उन्हाने पाणी तापेल. आणि एवढं वजन टपावर घेऊन घाट उतरायचा?"

"वजनाचं मी पाहिलंय. पुस्तकात दिलंय गाडीच्या."

"अरे साहब, दोन माणसं बसली टपावर तरी काय होत नाही," दुकानदार मध्येच म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा हो," बाबा त्याच्यावर खेकसले. मग माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "तुझी आई पाय पोटाशी घेऊन बसणार का एवढा रस्ता? माझ्यामुळे?"

आई गाडीत त्यांच्या मागेच बसली होती, तिला कुणीच काही विचारलं नव्हतं. शेवटी दुकानदाराने तोडगा काढला. बॉक्स बसवून देतो, एक चक्कर मारून बघा, नाही पटला तर परत आणा, फक्त ओरखडा नको. त्याने टपावर दोन आडवे बार कसले, बॉक्स चढवला, झाकण उघडून आतून नटबोल्ट पक्के केले. बार सोडवायचा पाना त्याने बॉक्समध्येच टाकला. "संभालके रखना," म्हणाला.

पुढच्या रविवारी सकाळची बॅग झाल्यावर आम्ही ट्रायलला निघालो. बारवी धरणाकडचा रस्ता बाबांनीच सुचवला. थोडा घाट, थोडे खड्डे, थोडा सरळ रस्ता, सगळं मिळेल म्हणाले. खोक्यांच्या वजनाचा अंदाज यावा म्हणून त्यांनी बॉक्समध्ये पाण्याचे मोठे कॅन ठेवायला लावले आणि स्वतःच्या हाताने एक भिंतीवरचं थर्मामीटर आत टेकवून ठेवलं. "तापतं म्हणतेस ना? बघू." आमच्यातलं भांडण मिटलं नव्हतं, थर्मामीटरवर सोपवलं होतं एवढंच.

दुपारच्या बॅगेच्या आत घरी यायचं होतं. तरी आईने सवयीप्रमाणे एक बॅग, मास्क, साबण, पांढरी चादर असं सगळं एका पिशवीत घेतलं होतं.

बदलापूर मागे पडलं आणि वेग घेतला तशी टपावरून शिटी वाजायला लागली. बारीक, कानात शिरणारी. वेग वाढला की चढायची, कमी केला की उतरायची. वळणावर गाडीचा वरचा भाग आपल्याआधी झुकतोय असं वाटत होतं. मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. बाबा मात्र बाहेर बघत होते. पळसाला फुलं आली होती. भातकापणीनंतरची खाचरं वाळून भेगाळली होती. किती महिन्यांनी ते असे बाहेर पडले होते! धरणाचं पाणी लांबून दिसलं तेव्हा ते म्हणाले, "जरा पुढे घे." मी घेतली. तिथे आम्ही थांबलो, आईने पोह्यांचा डबा उघडला. मला वाटलं, जमतंय की हे.

परत फिरलो तर रस्ता बंद. एक डंपर मोरीवर आडवा होऊन बसला होता, त्याचा एक्सल तुटला होता. दोन्ही बाजूंनी मोटारसायकली निघत होत्या, गाडी निघणं शक्य नव्हतं. एका मोटारसायकलवाल्याने डावीकडचा रस्ता दाखवला. पाड्यातून जातो, पुढे परत मोठ्या रस्त्याला लागतो म्हणाला. मी घड्याळ पाहिलं. दुपारची वेळ जवळ आली होती. तासभर पुढेमागे चालतं असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण एकदा असाच उशीर होऊन बाबांना धाप लागली होती, ते मी विसरले नव्हते.

पाड्याच्या तोंडाशी एक अरुंद मोरी होती आणि तिच्यावर लोखंडी कमान. दोन खांब आणि वर आडवा दांडा. डंपर आत शिरू नयेत म्हणून गावाने बसवलेली. त्यातच रस्त्यावर नवा मुरूम टाकलेला, त्यामुळे कमान आणखी बुटकी झालेली. मी गाडी थांबवली, उतरले, पुढे जाऊन पाहिलं. बॉक्सचं टोक आणि दांडा यांच्यामध्ये हात जाईल एवढी जागा होती. बाबांनीही काचेतून मान बाहेर काढून पाहिलं.

"जाईल. हळू घे."

मी हळू घेतली. पुढचं टोक आत गेलं. मग खर्रकन आवाज आला, टप दाबल्यासारखं झालं आणि गाडी थांबली. बॉक्स मागे फुगीर होता हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

मी रिव्हर्स टाकला. गाडी तसूभर मागे गेली आणि वर काहीतरी असं करकरलं की आई किंचाळली. उतरून पाहिलं तर दांडा झाकणावरच्या दोन उंचवट्यांच्या मधल्या खाचेत जाऊन बसला होता. पुढचा उंचवटा मागे येऊ देत नव्हता, मागचा पुढे जाऊ देत नव्हता. आणखी रेटलं असतं तर बॉक्स फुटला असता, किंवा आडवे बार टपाचा पत्रा घेऊन उपटून आले असते.

"बॉक्सच सोडवू," बाबा म्हणाले.

"बोल्ट आतून आहेत बाबा. झाकण उघडायला हवं. आणि झाकणावर दांडा आहे."

"मग बार सोडव."

"पाना बॉक्समध्ये आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी फोन काढला, रेंज नव्हती. मागून एक दुधाचा टेम्पो येऊन थांबला आणि त्याने हॉर्नवर हात ठेवला. मी हात हलवून त्याला थांबायची खूण केली. त्याने मान बाहेर काढून कमान पाहिली, बॉक्स पाहिला, कपाळावर हात मारला आणि इंजिन बंद केलं.

ऊन चढत होतं. एसी लावायचा तर इंजिन चालू ठेवावं लागणार, आणि गॅस किती उरलाय याची मला खात्री नव्हती. बाबांनी शर्टाचं वरचं बटण सोडलं. थोड्या वेळाने दुसरं. मग ते सीटवर किंचित पुढे सरकून बसले. ही त्यांची बसण्याची पद्धत मला माहीत होती. पोट ताठायला लागलं, श्वास अपुरा वाटायला लागला की ते असे बसायचे.

"होतंय का काही?" आईने विचारलं.

"नाही."

"खरं सांगा."

आईने पिशवी उचलली आणि दार उघडून बाहेर आली. "इथे कुणाचं तरी घर बघते."

"रस्त्यातल्या घरात?" मी म्हटलं. "आई, मागच्या वेळी स्वतःच्या घरात जंतू झाले होते. थांब जरा, निघू आपण."

"आणि नाही निघालो तर?"

त्या क्षणी काय बरोबर हे मला खरंच समजत नव्हतं. आजही विचारलं तर ठामपणे सांगता येणार नाही. थांबलो असतो तर कदाचित काहीच झालं नसतं. पण ज्यांच्या छातीत हवा पुरत नव्हती ते बाबा होते आणि निर्णय त्यांनीच घेतला. दार उघडून ते उतरले, माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. "तू गाडीपाशी थांब. आम्ही दोघं जातो."

मोरीपलीकडे पहिल्याच घराच्या ओट्यावर एक बाई धान्य पाखडत होती. तिने मघापासून सगळा प्रकार पाहिलाच होता. आईने तिला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. बाई सूप टाकून उठली. "या, घरान या. पानी हाय, सगला हाय," एवढं तिचं बोलणं ऐकू आलं. मग तिने कोंबड्या हाकलल्या, आतून पोरांना बाहेर काढलं, आणि बाबा वाकून त्या दारातून आत गेले. दार बंद झालं.

मी गाडीला टेकून उभी. बोनेट तापलेलं, डोक्यावर ऊन. टेम्पोवाला येऊन शेजारी उभा राहिला. "पेशंट हैं क्या?" मी मान हलवली. त्याने पुढे काही विचारलं नाही. त्या बंद दाराकडे बघताना माझ्या डोळ्यांसमोर आतलं सगळं येत होतं. आई मास्क लावतेय. बॅग कुठे टांगली असेल? वाशाला? वरून कौलाची धूळ पडली तर? नळीचं टोक उघडं असतं ते काहीच क्षण. नळीला नळी जोडेपर्यंतचे. त्या क्षणात कुणी दार ढकललं तर? एक मांजर दाराशी घुटमळायला लागली, मी धावत जाऊन तिला हाकललं आणि पोरं हसली.

पोटातलं पाणी निघायला वेळ लागतो, नवं भरायलाही लागतो. पुढचा सगळा वेळ मी उंबऱ्यापासून चार हातांवर उभी राहून काढला.

दार उघडलं तेव्हा आधी आई आली. तिच्या हातात वापरलेली भरलेली बॅग होती. तिने ती माझ्यासमोर उन्हात धरली. पाणी स्वच्छ होतं, पिवळसर, आरपार. पण त्यात काही अर्थ नव्हता हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. जंतू आत्ता आत गेले असते तर ते नंतर दिसणार होते, पुढच्या बॅगांमध्ये, पाणी गढूळ होऊन.

बाबा बाहेर आले. श्वास सुधारला होता. घरातल्या बाईने त्यांना ओट्यावर बसायला पाट दिला, पण ते बसले नाहीत. सरळ गाडीपाशी आले, गुडघ्यावर वाकून चाकं पाहिली, मग दांडा, मग परत चाकं.

"हिला खाली बसवायला पाहिजे," म्हणाले.

"कुणाला?"

"गाडीला. मघाशी मी उतरलो तेव्हा ती वर आली असेल बघ. माणसं बसवली की स्प्रिंग दबतील. दोन बोटं जरी खाली गेली तरी उंचवटा सुटेल."

माणसं कुठून आणायची? टेम्पोवाला होता, ती बाई होती. तेवढ्यात रानाकडून पाच-सहा बायका सरपणाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन येताना दिसल्या. कमानीपाशी येऊन थांबल्या, बघायला लागल्या. मी त्यांच्याशी बोलायला पुढे झाले तर बाबांनी मला मागे सारलं. शेजाऱ्यांसमोरही न येणारे माझे बाबा, शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात गेलेलं, त्या बायकांपुढे उभे राहून बोलू लागले.

"बायांनो, मी आजारी माणूस आहे. पोटाला नळी लावलीय, ही बघा." त्यांनी शर्ट किंचित वर केला. "मला घरी पोचायचंय. गाडी अडकलीय. तुम्ही सगळ्या आत बसलात तर गाडी खाली दबेल आणि निघेल. बसाल का?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हातारी म्हणाली, "आमी बसू, पन टप पडला तं?"

"नाही पडणार. पडला तर आधी माझ्या डोक्यावर पडेल. मी पुढेच बसणार आहे."

म्हातारी हसली आणि मोळी खाली टाकली. मग सगळ्यांनीच टाकल्या. मागच्या सीटवर आई आणि चौघी, एकीच्या मांडीवर एक. म्हातारी पुढे बाबांना चिकटून. टेम्पोवाल्याने आपला टेम्पो बराच मागे घेतला, मग तो आणि ओट्यावरची बाई उघड्या डिकीच्या कडेवर बसले. घामाचा, ओल्या लाकडांचा वास गाडीत भरला. मी इंजिन चालू केलं, क्लच दाबला.

"रिव्हर्स टाक," बाबा म्हणाले. शिफ्टवर बोलत असतील तसा आवाज. "क्लच सोड. अजून. थांब. थोडा ब्रेक. आता सोड."

वरून कर्र झालं. मागच्या बायका एका आवाजात ओरडल्या. मग काहीतरी टक्‌कन निसटलं आणि गाडी मागे घसरली, इतक्या पटकन की टेम्पोवाल्याने उडी मारली. मी ब्रेक दाबला. समोर कमान होती आणि आम्ही तिच्या अलीकडे होतो.

कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. बायका उतरल्या, मोळ्या उचलायला लागल्या. म्हातारीने पोटाकडे बोट दाखवून बाबांना विचारलं, "दुखतं का वं ता?" बाबा म्हणाले, "नाही, सवय झाली." ती गेली. ओट्यावरच्या बाईने आईला ओंजळभर करवंदं दिली, कच्ची, लोणच्यासाठी.

बॉक्सच्या मागच्या कोपऱ्याला तडा गेला होता. झाकण आता उघडता येत होतं. मी उघडलं. आतून भट्टीसारखी वाफ अंगावर आली. थर्मामीटरचा पारा सगळ्यात वरच्या रेघेला जाऊन टेकला होता. मी ते बाबांच्या हातात दिलं. त्यांनी ते उजेडात तिरपं धरून पाहिलं आणि मला परत दिलं. डंपर निघेपर्यंत आम्ही मोठ्या रस्त्यावर एका आंब्याखाली थांबलो आणि मग हळूहळू घरी आलो.

खरी धाकधूक त्यानंतर सुरू झाली. प्रत्येक बॅग झाली की आई ती खिडकीशी न्यायची आणि मागे वर्तमानपत्र धरायची. पाण्यातून अक्षरं वाचता आली पाहिजेत, असं डायलिसिस सेंटरमधल्या सिस्टरने शिकवलं होतं. आई मथळे मोठ्याने वाचायची आणि आतल्या खोलीतून बाबा ऐकायचे. त्या रात्रीची स्वच्छ. दुसऱ्या दिवशीच्या चारही स्वच्छ. मी कामावर असताना फोन हातातच ठेवायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी आईचा फोन आला. "बॅगेत काहीतरी आहे. पांढरं. तू ये."

मी लॅबमधून तशीच निघाले. घरी पोचले तर बाबा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. बॅगेत दोऱ्यासारखं पांढरं काहीतरी तरंगत होतं. मी सिस्टरला फोन लावला. ती म्हणाली, "दोरा असेल तर कधीकधी असतं तसं, घाबरू नका. पण बॅग फेकू नका, घेऊन या. ताप आहे का? पोट दुखतंय?" ताप नव्हता. पोट दुखत नव्हतं असं बाबा म्हणत होते, पण त्यांच्या म्हणण्यावर आमचा विश्वास नव्हता. मी बॅग मांडीवर घेऊन रिक्षाने सेंटरवर गेले, कारण गाडी चालवण्याची माझी हिंमत नव्हती.

तपासणीचा निकाल संध्याकाळी आला. जंतू नव्हते. मी तिथल्या बाकावर बसून आईला फोन केला आणि तिने नुसतं "हं" म्हणून फोन ठेवला. घरी आले तेव्हा ती ओट्याशी उभी राहून ती करवंदं चिरत होती आणि रडत होती.

मला वाटलं होतं, विषय संपला. आता कोकण नाही, बॉक्स नाही. पण रविवारी बाबा कपडे करून तयार. "उल्हासनगरला चल."

दुकानदाराने तडा बघितला आणि त्याचा चेहरा उतरला. "मॅडम, मैंने बोला था ना, ओरखडा पण नको."

"परत करायला नाही आलो," बाबा म्हणाले. या वेळी ते गाडीतून उतरून दुकानात आले होते. "हा आमच्याकडून मोडला, आमचाच झाला. दुसरं दाखवा."

दुकानदाराने तड्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाला की कोपरा चिकटवून तो हा बॉक्स कुणा ट्रॅव्हल्सवाल्याला देईल, जे येईल ते तुमच्या नव्या मालात वळतं करतो. त्याने एक चपटा पांढरा बॉक्स पुढे केला. मी कापडी बॅग उचलली. बाबांनी खिशातून टेप काढला, पार्किंगच्या तुळईचं माप त्यांनी घेऊन ठेवलं होतं. ते बॉक्स मोजत होते, मी पट्ट्या ओढून बघत होते, आमचं पुन्हा सुरू होणार असं दिसत होतं. तेव्हा दारात उभी असलेली आई आत आली.

"मला जरा बोलू द्याल का?" ती म्हणाली. "बॅगा आतच राहतील. त्या माझ्या नजरेसमोर हव्यात. वर फक्त कपडे. कपडे भिजले तर वाळतात. मला घडी घालून कपाटावर ठेवता येईल असं काहीतरी द्या."

"आणि तुझे पाय?" बाबांनी विचारलं.

"मी पुढे बसेन. तुम्ही मागे बसा, खोक्यांशेजारी."

बाबा कधीच मागे बसत नाहीत. कंपनीच्या गाडीतही ते ड्रायव्हरशेजारी बसायचे. त्यांनी टेप खिशात ठेवला. दुकानदाराकडे वळून म्हणाले, "ती ताडपत्रीची काढा. आणि पट्ट्या दोन जास्त द्या."

शिमग्यानंतर आम्ही गेलो. पहाटे निघालो, वाटेत एका ओळखीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यातली खोली आधीच सांगून ठेवली होती, दुपारची बॅग तिथे केली. टपावर पट्ट्या फडफडत होत्या, मी दर तासाला थांबून त्या ओढून बघत होते. बाबा मागे खोक्यांवर एक हात टाकून बसले होते. घाटात प्रत्येक वळणावर मी आरशातून त्यांच्याकडे बघायचे आणि दर वेळी ते म्हणायचे, "समोर बघ."

आत्याने आतली खोली सारवून, चुना लावून ठेवली होती. बाबांनी फोनवर उंची सांगितली होती त्याप्रमाणे भिंतीत एक जाड हूक ठोकून घेतला होता. आम्ही पोचलो तेव्हा ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. बाबा गाडीतून उतरायला लागले तशी ती म्हणाली, "सावकाश रे, सावकाश," आणि स्वतः पायरी न बघता खाली आली. दोघांनी एकमेकांना धरलं. कोण कुणाला सावरतंय ते समजत नव्हतं.

आई आणि बाबा हातपाय धुऊन, मास्क लावून आतल्या खोलीत गेले. दार लागलं. मी टपावरच्या पट्ट्या सोडवून कपड्यांची बॅग घरात आणली. आत्या बंद दाराबाहेर खुर्ची ओढून बसली, आणि आतून आईने वर्तमानपत्रातला मथळा मोठ्याने वाचला तेव्हा तिने मला विचारलं, "ही काय वाचते गं?"

"पाणी स्वच्छ आहे, आत्या," मी म्हटलं.